विश्लेषण : आधुनिक कला संग्रहालयात सहज डोकावणे इतके अवघड का?

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचे ‘ग्राम यात्रा’ हे १९५४ सालचे चित्र सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वासुदेव गायतोंडे यांच्या १९७० सालच्या एका चित्राला ६७ कोटींहून अधिक किंमत आली. दोन्ही बातम्या मराठी वर्तमानपत्रांच्या वाचकांपर्यंत पोहोचल्या. हुसेन पंढरपूरचे, गायतोंडे नागपुरात जन्मलेले आणि दोघेही मुंबईत घडलेले. त्यांच्या पिढीच्या कामाचा मोठा सरकारी संग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे (एनजीएमए) आहे. या संग्रहालयाची एक शाखा मुंबईत फोर्ट भागात आहे आणि भारतीयांसाठी तिथले तिकीट २० रुपये, म्हणजे एका वडापावाएवढे आहे. तरीही ‘इकडे आलोच आहे, तर दहा मिनिटे आत जाऊन येऊ’ असे या इमारतीबद्दल फारसे ऐकू येत नाही. दुसरीकडे न्यूयॉर्कमध्ये ३० डॉलरचे तिकीट रूढ झाले आहे आणि लंडनमध्ये मोफत प्रवेशाचे धोरण परवडेल का, यावर चर्चा सुरू आहे. संग्रहालयाची सहज भेट नेमकी कशामुळे शक्य होते आणि कशामुळे अडते?

सहज भेट म्हणजे काय?

संग्रहालयाला भेट देण्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एक ठरवून दिलेली भेट. सुट्टीचा दिवस, तिकीट, सगळी दालने, शेवटी दुकान आणि चहा. दुसरा प्रकार म्हणजे सहज डोकावणे. बँकेचे काम लवकर आटोपले, पाऊस आला, कुणाची वाट पाहायची आहे म्हणून आत शिरणे, एखाद-दुसरे चित्र पाहणे आणि निघून जाणे. पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच चित्रासमोर येणे.

दुसरा प्रकार वरवरचा वाटतो, पण पाहण्याच्या दृष्टीने तो अनेकदा जास्त फलदायी ठरतो. अमेरिकी संशोधक जेफ्री आणि लिसा स्मिथ यांनी २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील पाहणी प्रसिद्ध केली. प्रेक्षक एका कलाकृतीसमोर सरासरी २७ सेकंद थांबत असल्याचे त्यात दिसले. बरेच जण तर त्याहूनही कमी वेळ थांबत होते, कारण मध्यक होता १७ सेकंद. पुढे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये केलेल्या पाहणीतही चित्र फारसे वेगळे नव्हते. शंभर चित्रे एका फेरीत उरकायची असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मिनिटच येणार.

यात पायांचाही प्रश्न आहे. ‘संग्रहालयाचा थकवा’ हा शब्दप्रयोग बॉस्टनच्या संग्रहालयातील बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच चर्चेत आणला होता. वाकून, मान वर करून, उभे राहून पाहताना माणूस दमतो आणि लक्ष उडते. आधुनिक कलेत ही अडचण वाढते. रविवर्म्याच्या चित्रातली गोष्ट बहुतेकांना आधीच ठाऊक असते. गायतोंडेंच्या चित्रात गोष्टच नसते. रंगांचे थर आणि त्यातून झिरपणारा उजेड दिसायला वेळ लागतो, कधी कधी दुसरी-तिसरी भेट लागते. ‘मला यातले काही कळत नाही’ हे वाक्य बहुतेकदा पहिल्या आणि शेवटच्या भेटीतच उच्चारले जाते.

तिकिटाचा याच्याशी काय संबंध?

तिकीट महाग झाले की भेटीचे स्वरूपच बदलते. न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’ने (मोमा) ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रौढांचे तिकीट २५ वरून ३० डॉलर केले. मेट्रोपॉलिटन, गुगेनहाइम आणि व्हिटनी याही संग्रहालयांनी त्या सुमारास हाच आकडा गाठला. ३० डॉलर मोजलेला माणूस एक चित्र पाहून बाहेर पडत नाही. पैसे वसूल व्हावेत म्हणून तो सगळे मजले पालथे घालतो, आणि त्या दमछाकीत पाहणे मागे पडते. गायतोंडे यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन २०१४ मध्ये गुगेनहाइममध्येच भरले होते. ते पाहायला आलेल्या कोणालाही ‘उद्या पुन्हा येतो’ म्हणणे स्वस्त नव्हते.

या संग्रहालयांनाही हे कळते. मोमा शुक्रवारी संध्याकाळी न्यूयॉर्क राज्यातील रहिवाशांना मोफत प्रवेश देते. व्हिटनीने जानेवारी २०२४ पासून शुक्रवारची संध्याकाळ सर्वांसाठी मोफत केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस २५ वर्षे व त्याखालील सर्वांना मोफत प्रवेश दिला. या दुसऱ्या निर्णयासाठी २० लाख डॉलरहून अधिक रक्कम संग्रहालयाच्या विश्वस्त आणि स्वतः नामवंत चित्रकार असलेल्या ज्युली मेहरेतू यांनी दिली. मोफत प्रवेशाचा खर्च कुणाला तरी उचलावाच लागतो, हेही यातून दिसते.

ब्रिटनमध्ये मोफत प्रवेश कसा आला?

ब्रिटनमध्ये तो खर्च सरकारने उचलला. डिसेंबर २००१ पासून तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायम संग्रहासाठी प्रवेश शुल्क नाही. करप्रणालीत बदल करून मोफत प्रवेश देणाऱ्या संग्रहालयांना कराचा परतावा मिळेल अशी सोयही करण्यात आली. आधी तिकीट असलेल्या संग्रहालयांतील भेटी पुढच्या दहा वर्षांत दुपटीहून अधिक झाल्या.

या धोरणाचा सर्वात ठळक चेहरा म्हणजे लंडनचे टेट मॉडर्न. टेम्स नदीकाठच्या बंद पडलेल्या वीजकेंद्रात हे संग्रहालय मे २००० मध्ये सुरू झाले. पूर्वी जनित्रे होती त्या प्रचंड दालनात उतार उतरून थेट शिरता येते. तिथे तिकीट खिडकी आडवी येत नाही. हेरझॉग आणि द म्यूराँ या वास्तुविशारदांनी ते जणू छप्पर असलेल्या रस्त्यासारखे ठेवले. २००३-०४ मध्ये ओलाफुर एलियासन यांनी तिथे कृत्रिम सूर्य उभारला, तेव्हा लोक जमिनीवर आडवे होऊन वरच्या आरशात स्वतःला पाहत असत. त्या एका मांडणीला २० लाखांहून अधिक लोकांनी भेट दिली. मुलांना घेऊन आलेले, जेवणाच्या सुट्टीत आलेले, नुसतेच पूल ओलांडून आलेले असे सगळे त्यात होते. खास प्रदर्शनांना मात्र टेटमध्ये तिकीट आहे, पण १६ ते २५ वयोगटातील सदस्यांना ते पाच पौंडांत मिळते.

पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने हीच किमया वेगळ्या मार्गाने साधली होती. १९७७ मध्ये उघडलेल्या या इमारतीत आधुनिक कलेच्या जोडीला मोठे सार्वजनिक ग्रंथालय होते आणि समोर उतरते मोकळे पटांगण. पुस्तक वाचायला किंवा पटांगणात बसायला आलेला माणूस संग्रहालयाच्या दारातच असे. दुरुस्तीसाठी ही इमारत सप्टेंबर २०२५ पासून पूर्ण बंद झाली असून ती २०३० मध्ये उघडण्याचे नियोजन आहे.

मग मोफत प्रवेशावर पुन्हा वाद का?

कारण पैसा. टेट मॉडर्नला २०१९ मध्ये सुमारे ६१ लाख भेटी नोंदवल्या गेल्या होत्या. २०२४ मध्ये हा आकडा ४६ लाखांच्या आसपास राहिला. करोनानंतर परदेशी पर्यटक, त्यातही युरोपातील तरुण, पूर्वीइतके परतले नाहीत. सरकारी अनुदान पुरत नाही, आणि दुकान, उपाहारगृह व खास प्रदर्शनांचे उत्पन्न गर्दीवर अवलंबून असते. टेटने २०२५ मध्ये सुमारे सात टक्के नोकऱ्या कमी केल्या. ब्रिटिश म्युझियमचे माजी हंगामी संचालक मार्क जोन्स यांनी परदेशी पर्यटकांकडून शुल्क घ्यावे, असे सुचवले होते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने तर युरोपाबाहेरच्या पर्यटकांसाठी जानेवारी २०२६ पासून तिकीट ३२ युरो केले. भारतात ही पद्धत जुनीच आहे. एनजीएमएत परदेशी पर्यटकाला ५०० रुपये मोजावे लागतात.

मोफत प्रवेशावर एक गंभीर आक्षेप असा, की त्यामुळे भेटी वाढतात, पण येणारे बरेचसे तेच असतात. ज्यांना आधीपासून आवड आहे ते जास्त वेळा येतात. ज्यांना संग्रहालय आपले वाटतच नाही, ते दार उघडे असूनही येत नाहीत. हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही. मुंबईचे उदाहरण तर त्याला दुजोराच देते.

मुंबईचे संग्रहालय कसे घडले?

एनजीएमएची सुरुवात १९५४ मध्ये दिल्लीत जयपूर हाउसमध्ये झाली. मुंबईची शाखा त्यानंतर चार दशकांनी, १९९६ मध्ये आली. तिची इमारत म्हणजे सर कावसजी जहांगीर हॉल. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेले आणि १९११ मध्ये बांधलेले हे सभागृह एकेकाळी शहराचे दिवाणखाने होते. तिथे राजकीय सभा झाल्या, पाश्चात्त्य संगीताच्या मैफली झाल्या. पुढे वातानुकूलित सभागृहे आली, तशी रया गेली. मुष्टियुद्धाचे सामने, लग्नाचे स्वागत समारंभ, चपला-बुटांचे सेल असा त्याचा वापर होऊ लागला. शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि कलादालन चालवणारे केकू गांधी यांच्यासारख्यांनी पाठपुरावा केला, आणि प्रदीर्घ नूतनीकरणानंतर वास्तुविशारद रोमी खोसला यांनी आत जिन्याने जोडलेली अर्धवर्तुळाकार दालने बसवली.

म्हणजे ज्या वास्तूत मुंबईकर सभेला, गाण्याला, लग्नाला आणि चपला घ्यायला सहज जात होते, ती वास्तू कलेचे घर झाली आणि त्याच वेळी तिथे जायला कारण लागू लागले.

वीस रुपये तिकीट असूनही सहज जाणे का होत नाही?

उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. चालत काही मिनिटांवर जहांगीर आर्ट गॅलरी आहे. तीही जहांगीर घराण्याच्या देणगीतूनच १९५२ मध्ये उभी राहिली. तिथे मात्र लोक सर्रास डोकावतात. गावाहून आलेले पाहुणे, महाविद्यालयीन मुलेमुली, कोर्टातले काम संपवून आलेले पक्षकार, उकाड्यातून सावलीला आलेले पर्यटक. प्रवेश मोफत आहे, पण तेवढेच कारण नाही.

जहांगीर रोज उघडी असते आणि संध्याकाळी सातपर्यंत चालते. एनजीएमए सोमवारी बंद असते आणि इतर दिवशी संध्याकाळी सहाला दार लागते. फोर्टमधली कार्यालये सुटतात तीच ही वेळ. म्हणजे ज्या हजारो लोकांना रोज चर्चगेट किंवा सीएसएमटी गाठायचे असते, त्यांच्यासाठी हे संग्रहालय कामाच्या दिवशी व्यवहारात बंदच असते. उरतो शनिवार-रविवार, आणि त्या दिवशी डोंबिवली किंवा वसईहून फोर्टला येणे म्हणजे पुन्हा ठरवून केलेली सहल. लोकलचा प्रवास आणि गेलेला अर्धा दिवस धरला, तर २० रुपयांचे तिकीट हा खर्चातला सर्वात लहान भाग ठरतो.

दुसरा फरक उंबरठ्याचा. जहांगीरच्या दारातून चित्रे दिसतात. पदपथावरही चित्रकार आपली कामे मांडून बसलेले असतात, त्यामुळे पाहणे रस्त्यावरच सुरू होते. एनजीएमएत रस्त्यावरून आत काय आहे ते दिसत नाही. फाटक, पहारेकरी, तिकीट, पिशवी ठेवायची जागा हे सगळे पार केल्यावर पहिले चित्र भेटते. नेहमी येणाऱ्याला याचे काही वाटत नाही. पहिल्यांदा येणाऱ्याच्या मनात मात्र ‘आपण इथे चालतो का’ हा प्रश्न प्रत्येक पायरीला येतो.

तिसरा फरक बसण्या-बोलण्याच्या जागेचा. जहांगीरच्या आवारात १९६४ पासून २०१५ पर्यंत ‘समोवार’ हे उपाहारगृह होते. तिथे चहा घ्यायला आलेले लोक जाता-येता प्रदर्शन पाहत आणि प्रदर्शन पाहणारे चित्रकाराबरोबर चहाला बसत. चहा हे चित्राकडे जाण्याचे निमित्त होते. ते बंद झाल्याची हळहळ आजही व्यक्त होते.

अर्थात ही तुलना ताणता येत नाही. जहांगीर हे संग्रहालय नाही. तिथली दालने चित्रकार भाड्याने घेतात, प्रदर्शन साधारण आठवडाभर चालते आणि पुढच्या आठवड्यात भिंती बदललेल्या असतात. तिथे काल पाहिलेले चित्र पुढच्या महिन्यात पुन्हा पाहता येत नाही. तेच चित्र वर्षानुवर्षे त्याच शहरात उपलब्ध ठेवणे हे संग्रहालयाचे काम. म्हणून खरा प्रश्न भिंतींवर काय असते हा आहे.

भिंतींवर काय असावे, हे कोण ठरवते?

या प्रश्नाला फेब्रुवारी २०१९ मध्ये अचानक तोंड फुटले. प्रभाकर बरवे यांच्या कामाच्या प्रदर्शनाचे मुंबईच्या एनजीएमएत उद्घाटन होते. अभिनेते-दिग्दर्शक आणि मूळचे चित्रकार अमोल पालेकर बोलायला उभे राहिले. स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती बरखास्त झाल्याचा आणि यापुढे बहुतेक दालने एनजीएमएच्या स्वतःच्या संग्रहासाठी राखून, बाहेरच्या प्रदर्शनांसाठी फक्त घुमटाखालचे दालन ठेवण्याच्या निर्णयाचा मुद्दा त्यांनी मांडला. त्यांना मध्येच अडवून विषयापुरते बोलण्यास सांगण्यात आले. या प्रसंगाची चित्रफीत देशभर पसरली आणि चर्चा अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या अंगाने गेली. ते स्वाभाविक होते.

पण त्या वादात प्रेक्षकाचा मुद्दा मागे पडला. सहज येणाऱ्यासाठी दोन्ही गोष्टी लागतात. काही चित्रे कायम भिंतीवर हवीत, म्हणजे पुन्हा भेटता येईल. आणि काही दालने बदलती हवीत, म्हणजे पुन्हा यायला निमित्त मिळेल. बरवेंचेच उदाहरण घेता येईल. रेवदंड्याजवळच्या नागावला जन्मलेले, मुंबईत विणकर सेवा केंद्रात काम केलेले आणि ‘कोरा कॅनव्हास’सारखे पुस्तक मराठीत लिहिणारे हे चित्रकार. त्यांच्या चित्रात घड्याळ, पान, शिंपला अशा साध्या वस्तू असतात, पण त्या नेहमीच्या नात्यात नसतात. अशी चित्रे एका प्रदर्शनापुरती येऊन गेली, तर चुकलेल्या माणसाला ती पुन्हा कुठे पाहायची हे सांगता येत नाही. कायम संग्रहाला जागा देणे त्यामुळे चूक नाही. स्थानिक कलावंतांना न विचारता ते ठरवणे हा वादाचा भाग होता, आणि मुंबईच्या भिंतींवर मुंबईत घडलेली कला किती, कोणती, हे त्यांच्याशिवाय ठरणे कठीणच.

लोकांना आवडच नाही, असे म्हणता येईल का?

काळा घोडा परिसरातच याचे उत्तर दरवर्षी मिळते. १९९९ मध्ये सुरू झालेल्या काळा घोडा कला महोत्सवात नऊ दिवस रस्त्यावरच्या मांडणीशिल्पांभोवती पाय ठेवायला जागा नसते. बरेच जण छायाचित्रे काढायला येतात हे खरे, पण येतात. भायखळ्यात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय राणीच्या बागेच्या दारात आहे. १८७२ पासूनच्या या संग्रहालयात नूतनीकरणानंतर समकालीन कलावंतांची प्रदर्शनेही होऊ लागली. प्राणी पाहायला आलेली कुटुंबे तिथेही चक्कर मारतात आणि जुन्या मुंबईच्या प्रतिकृतींच्या शेजारी आजच्या कलावंताचे काम पाहून येतात. दिल्लीत किरण नाडर कला संग्रहालयाने साकेतच्या मॉलमध्ये जागा घेतली आणि प्रवेश मोफत ठेवला. खरेदीला आलेला माणूस तिथे आत शिरू शकतो.

या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान आहे. लोक जिथे आधीच येतात, तिथे आणि त्या वेळी कला उपलब्ध आहे.

काय करता येईल?

मोफत प्रवेश हा उपाय मुंबईत फार मोठा फरक पाडेल असे वाटत नाही, कारण अडथळा किमतीचा कमी आणि वेळेचा व उंबरठ्याचा जास्त आहे. टेट मॉडर्नने आता शुक्रवार-शनिवारी रात्री नऊपर्यंत दार उघडे ठेवायला सुरुवात केली आहे. फोर्टमध्ये आठवड्यातून दोन दिवस जरी आठपर्यंत संग्रहालय चालले, तरी लोकल पकडण्याआधीची वीस मिनिटे तिथे घालवता येतील. त्यासाठी सुरक्षारक्षक आणि कर्मचाऱ्यांची वाढीव पाळी लागेल. हा खर्च आहे, पण नवी इमारत बांधण्याच्या तुलनेत किरकोळ.

एकाच तिकिटावर महिनाभर पुन्हा येण्याची मुभा, तळमजल्यावर कायम राहणारी आठ-दहा चित्रे, त्यांच्यासमोर बसायला बाक आणि शेजारी कलाकाराचे नाव, वर्ष व माध्यम याच्या पलीकडे चार ओळी सांगणारी मराठी पाटी या गोष्टींना तर फारसा पैसाही लागत नाही. संग्रहालयासमोरून रोज जाणाऱ्याला आत कोणते चित्र आहे हे फाटकावरच दिसले, तरी सुरुवात होईल.

‘ग्राम यात्रा’ हे चित्र लिलावात येण्यापूर्वी अनेक दशके नॉर्वेतील ऑस्लोच्या एका रुग्णालयात टांगलेले होते. १९५० च्या दशकात दिल्लीत काम केलेल्या एका डॉक्टरने ते विकत घेतले आणि पुढे रुग्णालयाला दिले. तिथल्या मार्गिकेतून कामासाठी जाता-येता ते कुणाच्या ना कुणाच्या नजरेस पडत राहिले. आता त्याची किंमत सर्वांना माहीत आहे. अशा चित्रांच्या शेजारून रोज जाण्याची सोय मुंबईतल्या किती जणांना मिळते, हे संग्रहालयाच्या वेळापत्रकावर आणि दारावर अवलंबून राहील.